काइटसर्फिंग शिकायचंय. शाळा खरी की नुसतीच पाटी, कसं ओळखायचं?

पारिजात_पुणे

नमस्कार मंडळी,

वय ४१, वजन ५२ किलो, पोहणं टिळक टँकपुरतं. मागच्या फेब्रुवारीत गोव्यात आश्वेच्या किनाऱ्यावर दुपारचा चहा घेत बसले होते. समोरून एक बाई, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठीच असेल, वर भलामोठा पतंग आणि पायाखाली फळी, अशी सर्रकन निघून गेली. फिरली, परत आली, पुन्हा गेली. चहावर साय धरली तरी मी बघतेच आहे. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

दिवाळीच्या सुट्टीत शिकायचं म्हणून तीन ठिकाणी चौकशी केली.

एक, गोव्यातलेच एक गृहस्थ. सगळा कारभार वॉट्सॅपवर. "तीन दिवसांत गॅरंटीने उभं करतो." सर्वांत स्वस्त. बॅच सकाळी आठ ते दहा, म्हणजे ऊन लागत नाही.

दोन, रामेश्वरमच्या बाजूची शाळा. दहा तासांचे तीस-पस्तीस हजार, राहणं वेगळं. यांनी मलाच प्रश्न विचारले: वजन, पोहता येतं का, चष्मा आहे का, खांदा कधी निखळलाय का.

तीन, श्रीलंकेत कल्पिटियाला राहण्याजेवण्यासकट पॅकेज. फोटो फार सुंदर. फोटोंपलीकडे काही कळत नाही.

नवरा म्हणतो, जो सर्वांत कमी प्रश्न विचारतोय त्याच्याकडे जाऊ नकोस. पण तो स्वतः पाण्यात गुडघ्यापुढे जात नाही, त्यामुळे त्याचं मत किती धरावं? कुणी शिकलंय का? शाळा निवडताना काय बघितलंत?

उंदीरमामा

पतंग सांभाळायचा की फळी, हे आधी ठरवा. मला संक्रांतीला गच्चीवर दोन्ही पाय जमिनीवर असताना नुसता पतंग सांभाळता आलेला नाही.

मालवणी_मसाला

ताई, त्यापेक्षा मालवणाक येवा. तारकर्लीक स्कूबा करा, बांगडे खावा, घराक जावा. वाऱ्याचो काय भरवसो?

सदाशिवपेठी

पस्तीस हजार देऊन स्वतःला खाऱ्या पाण्यात ओढून घ्यायचं? आमच्या वेळी खडकवासल्याला ट्रकच्या ट्यूबवर हे सगळं फुकटात व्हायचं. नाकात पाणी तेवढंच जायचं.

आम्स्टेलकाठी

मी नेदरलँड्समध्ये शिकले, दोन वर्षांपूर्वी, ३९व्या वर्षी. त्यामुळे वयाचा विचार सोडा. माझ्या बॅचला एक साठीचे आजोबा होते आणि ते माझ्याआधी उभे राहिले.

इथे वोर्कुम म्हणून गाव आहे, आयसेलमीर सरोवराच्या काठी. आत खूप लांब चालत गेलं तरी पाणी कमरेएवढंच, आणि गोडं. नवशिक्याला याहून मोठं सुख नाही. पडलात की उभं राहायचं, केस मागे सारायचे, पुन्हा पतंग उचलायचा. माझ्या ऑफिसातला एक जण खुल्या समुद्रावर शिकायला गेला. त्याचा निम्मा वेळ लाटा चुकवण्यात आणि फळी शोधण्यात गेला. तेव्हा शाळेच्या आधी तिथलं पाणी बघा: उथळ, सपाट, आणि वाऱ्याच्या दिशेला पुढे खडक, खांब, जेटी असं काही नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. आमच्या शाळेचा आदल्या संध्याकाळी मेसेज यायचा, उद्या वारा आहे किंवा नाही. नसेल तर तास पुढच्या तारखेला, नाहीतर पैसे परत, आणि हे सगळं नोंदणीच्या कागदावर आधीच लिहिलेलं. माझे चार धडे व्हायला सात आठवडे लागले. चिडचिड झाली, पण वारा नसताना "चला, काहीतरी करू" म्हणून तास भरून काढणारी शाळा नको. तुमचे तिघं वाऱ्याविना दिवसाचं काय करतात, ते विचारलंत का?

थंडीबद्दल बोलत नाही. वेटसूट घालणं आणि काढणं हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

घाटवाट

मी कामशेतला पॅराग्लायडिंग करतो, आठ वर्षं झाली. शाळा, कार्ड, सर्टिफिकेट यांचं फार स्तोम माजवलं जातं असं माझं स्पष्ट मत आहे. वारा कळला की झालं. मी सेकंड हँड काइट घेऊन व्हिडिओ बघून शिकायचं ठरवलंय. ग्राउंड हँडलिंग (जमिनीवर उभं राहून छत्री सांभाळणं) येतंच, पाण्याचा काय तो फरक.

नागपुरी_संत्रं

@घाटवाट, भाऊ, पाण्यावर "ओ काट" ओरडायला तुम्ही उरले पाहिजे ना बे.

खारा_वारा

सहा वर्षं काइट उडवतोय, शिकवत नाही, कुठल्याही शाळेशी देणंघेणं नाही. लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

पारिजात, आधी तुमच्या नवऱ्याला दंडवत. गुडघाभर पाण्यात उभं राहून माणसाने मुद्द्याचं सांगितलंय. तुम्हाला वजन विचारलं ते उगाच नाही. पतंगाचा आकार चौरस मीटरमध्ये मोजतात आणि तो वजन आणि वारा दोन्ही बघून ठरतो. १८ नॉटच्या वाऱ्यात (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे हे ताशी ३३ झाले) ऐंशी किलोच्या माणसाला ९ किंवा १० मीटरचा पतंग लागेल, तुम्हाला ६ किंवा ७ चा पुरे. जो तुमचं वजन न विचारता तारीख पक्की करतो, त्याच्याकडे बहुधा एकच पतंग आहे आणि तो सगळ्यांना तोच देणार. आणि ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. १२ चा वारा १७ झाला, आपल्याला गालावर फारसा फरक कळत नाही, पण पतंगाची ओढ दुप्पट झालेली असते. शाळेला विचारा, तुमच्याकडे कोणकोणत्या मापाचे पतंग आहेत आणि कोणत्या सालचे. हे उत्तर पाच सेकंदांत यायला हवं.

आता ते "सकाळी आठ ते दहा, ऊन लागत नाही." हे वाचून मी खुर्चीत सरळ झालो. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो आठवतंय? रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे, तो मतलई. दिवसा जमीन तापली की उलटा, समुद्रावरून आत, तो खारा. पाच मार्कांची आकृती होती. गोव्यात फेब्रुवारी ते मे काइट उडतात ते दुपारनंतर, याच कारणाने. तुम्ही त्या बाईंना पाहिलंत तेव्हा दुपारचा चहा होता ना? सकाळी आठला तिथे एकतर वारा नसतो, किंवा असला तर तो तुम्हाला ओमानच्या दिशेने नेणारा असतो. वाळूवर छोट्या दोन-तीन मीटरच्या सरावाच्या पतंगाने हात बसवायला सकाळ चालेल. पण तीन दिवसांची सगळी बॅचच सकाळी, आणि तीही दिवाळीत? त्या गृहस्थांना पतंग माहीत असेल, वारा माहीत नाही. किंवा माहीत आहे आणि तुम्हाला माहीत नाही हे त्यांना माहीत आहे.

म्हणून सगळ्यांना एकच प्रश्न टाका: वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल त्या दिवशी तुम्ही काय करता? सरळ उत्तर "शिकवत नाही", किंवा "इंजिन चालू असलेली बोट पाण्यात असल्याशिवाय शिकवत नाही." तिसरं उत्तर नाही.

@घाटवाट, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, त्यावर नंतर येतो. जेवण झालंय, गरम करून मिळणार नाही.

पिंपळपान

"पतंग माहीत असेल, वारा माहीत नाही." वा. वाचनखूण साठवली.

दोनशेपानी_वही

लिहू की नको करत होते, पण लिहिते.

पश्चिम किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी (नाव विचारू नका) मी तीन वर्षांपूर्वी शिकायला गेले होते. पाटीवर नाव, आंतरराष्ट्रीय संस्थेचा लोगो, सगळं झकास. ज्याच्याशी फोनवर बोलले तो मालक. कार्ड त्याचं. पाण्यात माझ्याबरोबर आला तो बावीस-तेवीसचा पोरगा, स्वतः छान उडवायचा, पण शिकवायचं कार्ड त्याच्याकडे नव्हतं. हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी ९ मीटरचा पतंग दुसऱ्या विद्यार्थ्याकडे होता म्हणून मला १२ चा दिला. माझं वजन तेव्हा ५०. वारा वाढत होता, समुद्रावर पांढरे फेस दिसायला लागले होते. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी, पोरगा माझ्या हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) मागून धरून. त्याच्या मालकाने किनाऱ्यावरून हाक मारली, मोबाइल वर धरून, "व्हिडिओ घेतो, जरा बाजूला हो." तो बाजूला झाला.

पुढचं सगळं चार सेकंदांत झालं असावं. पतंग वरून खाली उजवीकडे गेला, मी घाबरून हातातला दांडा गच्च अंगाशी ओढला. पाण्यातून उचलली गेले आणि वाळूवर पोटावर घसरत गेले. चष्मा गेला, दोन्ही गुडघे सोलले, तोंडात वाळू. थांबले ती पतंग आपणहून खाली पडला म्हणून. मालक म्हणाला, "तुम्ही बार ओढलात मॅडम, चूक तुमची." व्हिडिओ पाठवू का, असंही विचारलं.

बार ओढला हे खरं आहे. पण घाबरल्यावर माणूस हातात असेल ते घट्टच धरणार ना? त्या दीड दिवसात मला एकदाही कुणी तो लाल सोडवणीचा खटका स्वतः दाबायला लावला नव्हता. "हे इमर्जन्सीसाठी आहे" म्हणून बोट दाखवलं होतं फक्त, विमानातल्या बाई दरवाजे दाखवतात तसं.

मालवणी_मसाला

वहीताई, वाचून अंगावर काटा इलो. मघाची चेष्टा मागे घेतंय.

खारा_वारा

@दोनशेपानी_वही, चूक तुमची अजिबात नव्हती. हे लिहिलंत म्हणून आभार, माझ्या लांबण लावण्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दांडा (बार) अंगाकडे ओढला की पतंगाची ताकद वाढते, दूर ढकलला किंवा सोडून दिला की कमी होते. पतंग हाताने नाही, कमरेच्या हार्नेसला अडकलेला असतो, त्यामुळे दांडा सोडला म्हणून पतंग जात नाही. आपल्या अंगात मात्र उलटं भरलेलं असतं. म्हणून चांगला शिक्षक पहिल्या दिवशी वाळूवर पतंग न लावताच तुम्हाला नुसत्या दोरीला बांधतो, मागून खेचतो आणि ओरडतो "सोड!" मग खटका दाबायला लावतो. डोळे मिटून. उजव्या हाताने, डाव्या हाताने. माझ्याकडून वीसेक वेळा करून घेतलं होतं, शेवटी वैतागलो. खटका दाबला की पतंग एकाच दोरीवर फडफडत पडतो, ओढ संपते. तरीही नाही संपली तर दोरीचा दुसरा खटका, त्याने पतंग कायमचा सुटतो, आपण राहतो. पतंग परत विकत मिळतो.

नागपुरी_संत्रं

म्हणजे साधं सांगायचं तर घाबरलं की ढील द्यायची. नागपूरच्या पोराला हे सांगावं लागत नाही. आमच्याकडे खेच मारणारे पहिल्या अर्ध्या तासात कटतात.

खारा_वारा

अगदी! "घाबरलं की ढील." हे वाक्य शिक्षकांनी टीशर्टवर छापावं.

सदाशिवपेठी

अवांतर: याला मराठीत काय म्हणायचं? "काइटसर्फिंग" किती वेळा टंकायचं. पतंगतरण?

उंदीरमामा

वारातरंग. ऐकायला आकाशवाणीच्या सकाळच्या कार्यक्रमासारखं वाटतं.

पिंपळपान

फळीपतंग.

आम्स्टेलकाठी

माझी आई "ती वाऱ्यावर जाते" एवढंच सांगते शेजाऱ्यांना. गैरसमज होतात.

मालवणी_मसाला

वाऱ्यावरच गेली तर घो कित्याक व्हयो!

पिंपळपान

धाग्याचं काश्मीर करू नका रे. घाटवाट गप्प का झाले?

घाटवाट

गप्प नाही, वाचत होतो. वहीताईंचा अनुभव वाचल्यावर पहिल्याइतक्या जोरात बोलणार नाही. पण माझा मुद्दा कायम आहे. त्या मालकाकडे कार्ड होतं. लोगो होता. काय उपयोग झाला? माझ्या कामशेतच्या गुरुजींनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे कागद नव्हता, पण ढग बघून "आज कुणी उडणार नाही" म्हणायची धमक होती. चाळीस लोक पैसे भरून आले असताना. मी माणूस बघतो.

खारा_वारा

हाच तो अर्धा बरोबर. कार्ड म्हणजे त्या माणसाने कधीतरी शिकवण्याची परीक्षा दिली एवढंच. पण बघायचं नाही असं नाही, नीट बघायचं. आयकेओ ही संस्था आहे, काइटबोर्डिंगची आंतरराष्ट्रीय संघटना. जर्मन व्हीडीडब्ल्यूएस आणि ब्रिटिश बीकेएसए याही आहेत. आयकेओच्या संकेतस्थळावर शाळा आणि शिक्षक दोन्ही शोधता येतात. तेव्हा शाळेला विचारायचं "मला पाण्यात कोण शिकवणार, त्याचं नाव आणि नंबर द्या," आणि मग बघायचं. पाटीवर एक आणि पाण्यात दुसरा, हा या धंद्यातला सर्वांत जुना खेळ आहे. खरी शाळा नाव द्यायला कुरकुरत नाही.

दुसरा उपयोग तुमच्या कार्डाचा. तुम्ही कुठवर पोचलात ते शिक्षक नोंदवतो. जानेवारीत एका गावी अर्धवट राहिलं तर पुढच्या वर्षी दुसऱ्या देशात तिथूनच पुढे सुरू करता येतं, पुन्हा पहिल्यापासून पैसे भरावे लागत नाहीत.

आणि सेकंड हँड पतंगाचं: २००५च्या आसपास बो प्रकारचे पतंग आले, ज्यांची ओढ बार सोडून जवळजवळ शून्यावर आणता येते. त्याआधीचे जुने पतंग स्वस्तात मिळतात ते याच कारणाने. कृपया घेऊ नका. तुमचं विमा कवच कामशेतपुरतं असेल.

घाटवाट

विम्याचा टोमणा लागला. पतंग घेत नाही, बास?

डॉ_झोपाळू

विम्यावरून: प्रवास विम्यात साहसी खेळ बहुतेक वेळा वगळलेले असतात, वेगळं कलम घ्यावं लागतं. "वॉटर स्पोर्ट्स" लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, खालची बारीक अक्षरं वाचा.

पारिजातताई, त्यांनी खांद्याचं विचारलं हे मला आवडलं. एकदा निखळलेला खांदा पाण्यात अचानक हिसक्याने पुन्हा निखळू शकतो. हेल्मेट आणि छातीचं फ्लोटिंग जॅकेट शाळा देते का बघा. चष्म्याला मागून पट्टा बांधा. आणि जवळचं हाडांचं हॉस्पिटल किती किलोमीटरवर आहे हे शाळेला विचारा. उत्तर काहीही असो, विचारल्यावर चेहरा बघा.

शमाल_आणि_शेवया

दुबईहून. इथे काइट बीचवर दर शनिवारी-रविवारी आकाशात पतंगांची जत्रा असते. मी तिथेच शिकलो. माझा सल्ला: पैसे भरायच्या आधी एक तास नुसतं वाळूवर बसून शाळेकडे बघा. एका शिक्षकामागे किती डोकी आहेत ते मोजा. एक किंवा दोन असतील तर बरं. चार असतील तर तुम्ही तासातली पंचेचाळीस मिनिटं दुसऱ्यांना पडताना बघणार, त्याचेही पैसे देणार. शिक्षक विद्यार्थ्याबरोबर पाण्यात आहे की काठावरून शिट्ट्या मारतोय? हेल्मेटमध्ये रेडिओ असेल तर काठावरूनही चालतं, पण पहिल्या दोन दिवसांत नाही.

आणि विद्यार्थ्यांचे चेहरे बघा. थकलेले असावेत. घाबरलेले नसावेत.

पारिजात_पुणे

बापरे, चार दिवस ऑफिसच्या ऑडिटमध्ये होते, इथे एवढं झालं. सगळ्यांचे आभार. वहीताई, तुझे खास.

खारा वारा यांचा प्रश्न तिघांनाही पाठवला. उत्तरं जशीच्या तशी देते.

गोव्याचे गृहस्थ: "मॅडम टेन्शन नका घेऊ, मी आहे ना." मग एक हसरी बाहुली. शिक्षकाचं नाव विचारलं तर "सगळे आपलेच मुलगे आहेत."

कल्पिटियाच्या शाळेने शिक्षकाचं नाव-नंबर लगेच दिला, संकेतस्थळावर सापडला. खाडीत शिकवतात, बोट आहे. पण विमान, व्हिसा धरून माझं बजेट ओलांडतंय.

रामेश्वरमवाल्यांचं उत्तर आलं ते वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. "तुमच्या दिवाळीच्या तारखांना येऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथला वारा फिरतो, पाऊसही असतो, धड चार दिवस सलग मिळणार नाहीत. जानेवारीत या." म्हणजे मी पैसे द्यायला तयार, आणि ते घ्यायला नाही म्हणताहेत.

घाटवाट

तिथे जा. एवढंच.

शमाल_आणि_शेवया

+१

सदाशिवपेठी

ग्राहकाला नाही म्हणणारा दुकानदार पुण्याबाहेरही आहे हे वाचून ऊर भरून आला.

उंदीरमामा

दुपारी एक ते चार वारा बंद राहील.

आम्स्टेलकाठी

दोघांनाही साष्टांग!

पारिजात, जायच्या आधी एक करशील? टिळक टँकमध्ये नुसत्या लांब्या मारू नकोस. मधल्या खोल भागात पाय न टेकता वीस मिनिटं तरंगायचा सराव कर, गप्पा मारत. पतंग पडल्यावर पाण्यात नुसतं शांत राहता येणं हीच निम्मी शिकवणी आहे. आणि शाळा "सेल्फ रेस्क्यू" शिकवते का विचार: दोऱ्या बारवर गुंडाळत पतंगापर्यंत पोचायचं, आणि त्याच्या हवा भरलेल्या कडेवर पडून शिडासारखा धरून किनाऱ्याला यायचं. बऱ्याच शाळा घाईत हे वगळतात, कारण त्यात मजा नाही आणि फोटो चांगले येत नाहीत. मला दोनदा कामाला आलंय.

पारिजात_पुणे

विचारलं. तिसऱ्या दिवशी असतं म्हणाले. जानेवारीचं बुकिंग केलं. आता तरंगते.

(फेब्रुवारी)

पारिजात_पुणे

धागा वर काढतेय, माफी असावी. वृत्तांत देणं लागते.

मदुराईपर्यंत विमान, पुढे पावणेदोनशे किलोमीटर. एप्रिल २०२५ मध्ये नवा पांबन पूल सुरू झाल्यामुळे रेल्वे पुन्हा बेटावर जाते, येताना मुद्दाम तिने आले. दोन्ही खिडक्यांत समुद्र. एकीकडे पाल्कची सामुद्रधुनी, दुसरीकडे मन्नारचं आखात. शिक्षकाने पहिल्याच संध्याकाळी वाळूवर बोटाने नकाशा काढून हेच समजावलं: जमिनीची चिंचोळी पट्टी, उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा वारा, आता ईशान्येचा, त्यानुसार शिकवायची जागा बदलते. नकाशा काढून झाल्यावर माझ्या हातात काडी दिली आणि म्हणाला, आता सांग, उद्या तुझी दोरी तुटली तर तू वाहत कुठे जाशील? मी चुकीच्या दिशेला बाण काढला. काडी परत माझ्याच हातात.

पहिला दिवस वारा २५ च्या पुढे. पाण्यात उतरवलं नाही. दोरीला बांधून "सोड!" सत्तावीस वेळा (मोजले). दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाचा पतंग, दुपारी खरा, ७ मीटरचा. नुसतं पतंगाने पाण्यातून स्वतःला ओढून घ्यायचं, फळी नाही. मी त्या दिवशी प्यायलेल्या समुद्रात एका खानावळीचं सांबार खारट झालं असतं. एकदा पतंग धाडकन खाली आला, ओढ बसली, आणि माझे हात काय म्हणता, आपोआप सुटले! पाण्यातून मी मराठीत ओरडले "ढील!" तमिळ शिक्षकाला काही कळलं नाही. नागपूरकर, श्रेय तुमचं.

तिसऱ्या दिवशी सेल्फ रेस्क्यू. खोल पाण्यात नेलं, बोट शंभर हातांवर. दोऱ्या गुंडाळताना दोनदा गुंता झाला. रडकुंडीला आले. बोटीतला दादा मदतीला आला नाही, नुसता बघत शेंगदाणे खात होता. नंतर कळलं की त्याला तसंच सांगितलेलं असतं. किनाऱ्याला पोचायला चाळीस मिनिटं लागली, पण माझी मी आले.

चौथ्या दिवशी फळी. सत्तरेक वेळा पडले. शेवटच्या अर्ध्या तासात एकदा उभी राहिले. तीन सेकंद. शिक्षक म्हणाला पाच, पण तो भला माणूस आहे.

दहा तास संपले, उभं राहून जाता येत नाही. पुढचे चार तास जुलैत. कार्डावर कुठवर झालं ते नोंदवलंय.

दोनशेपानी_वही

तीन सेकंद!!! मी ऑफिसात बसून टाळ्या वाजवल्या. जुलैत मी येऊ का गं तुझ्याबरोबर?

पारिजात_पुणे

ये. तुझ्यासाठी ७ चा पतंग राखून ठेवायला सांगते.

घाटवाट

अभिनंदन ताई. आणि तो "बोट बघत बसते, मदत करत नाही" प्रकार आवडला. आमचे गुरुजीही असेच.

सदाशिवपेठी

३५ हजार भागिले ३ सेकंद. पुढचं गणित वाचकांनी करावं. (हलके घ्या. अभिनंदन!)

उंदीरमामा

हे वाचून मलाही खाज सुटलीय. ताई, शाळेचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मला तारखा कुठल्याही चालतील.

पारिजात_पुणे

व्यनि केलाय. तारखा नंतर. आधी ते वजन विचारतील, खरं सांगा.

उंदीरमामा

मग राहू दे.